मागून दोन्ही मनगटं धरली की कोक्यूनागे अडतो

घोडबंदरकर:
आयकिडोतला प्रश्न. उशिरो ऱ्योतेदोरी, म्हणजे उके (हल्ला करून शेवटी फेकला जाणारा जोडीदार) मागे जाऊन दोन्ही मनगटं धरतो, त्यावरून कोक्यूनागे, म्हणजे ‘श्वासाची फेक’. सैल पकडीवर जमतो. घट्ट धरलं की हात कमरेपाशीच अडकतात, आणि जोर लावून वर नेले तर उके पडायचं सोडून पाठीवर लटकतो. तो १५ किलोने जड आहे. सराव क्लबहाऊसमध्ये, टाइल्सवर २० मिमीच्या जोडमॅट टाकून. चूक हातात की पायात?

वाशीचा_हाकामा:
दोन्हीकडे. हात अडकतात कारण तुम्ही मनगट उचलताय, म्हणजे थेट त्याच्या मुठीशी भांडताय. मनगट आहे तिथेच राहू द्या आणि कंबर अर्धं पाऊल मागे, त्याच्याकडे सरकवा. हात आपोआप पोटासमोर येतात, त्याची ओढही सैल पडते. आता कोपरं बरगड्यांजवळ, तळवे स्वतःकडे, आणि ओंजळीतलं पाणी तोंडावर मारायला नेतो तसे हात वर. कपाळासमोर पोचले की तळवे समोरासमोर, करंगळीची कड पुढे, तलवार उगारल्यासारखी. खांदे कानाला लागले तर पुन्हा पहिल्यापासून.

हात कपाळाच्या पुढे वीतभर राहिले पाहिजेत. डोक्यामागे गेले की तो तुम्हालाच मागे ओढतो. बरोबर जमलं तर त्याची कोपरं वर येतात, टाचा सुटतात.

लटकण्याचं कारण पाय. तो बरोब्बर मागे असताना तुम्ही कमरेत वाकलात की पाठीचं टेबल होतं; मग तो त्यावर पहुडणारच. त्याच्या टाचा सुटल्या त्याच क्षणी डावा पाय तिरका, डावीकडे पुढे टाका, गुडघे मोडून बसते व्हा, पाठ सरळ, आणि दोन्ही हात उजवीकडे मोकळ्या झालेल्या जागेत खाली कापा. तो खांद्यावरून नाही, खांद्याच्या बाजूने जायला हवा. मग १५ किलोंचा फरक फारसा जाणवत नाही.

तलावपाळी_७:
वरचं सगळं मान्य, पण दुसरं मनगट पक्कं होईपर्यंत थांबता कशाला? पहिलं मनगट दिलं की उके तुमच्या पाठीमागून वळसा घालत असतो. तो हात तेव्हाच वर जायला लागला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या मनगटासाठी त्याला धावावं लागतं आणि तोल तिथेच जातो. थांबलेल्या पकडीवरचा सराव मांडणी समजण्यापुरता ठीक.

उकेमी_आधी:
फेकण्याआधी मॅटचं बघा. टाइल्सवर २० मिमी म्हणजे लोळण शिकायलाही कमीच. फेकीसाठी ४० मिमीच्या आणा. पावसाळ्यात घामाने त्या निसरड्या होतात आणि सांधे उघडतात. पायाचा अंगठा त्या फटीत अडकला की गुडघा पिळतो. दर फेरीनंतर सांधे ठोकून बसवा, कोरड्या फडक्याने पुसा. समोर ३ मीटर मोकळे हवेत, खांब नको.

उकेलाही सांगा: शेवटपर्यंत दोन्ही मनगटं घट्ट धरून ठेवलीस तर लोळायला हातच उरत नाही, खांद्याचं टोक आधी आपटतं. बाहेरचा हात सोडायचा, मग करंगळीची कड, कोपर, खांदा, आणि पाठीवरून तिरकं विरुद्ध कमरेकडे.

घोडबंदरकर:
कंबर मागे सरकवून पाहतो. आणि दंडांसकट मिठी मारली तर हेच चालेल?

वाशीचा_हाकामा:
नाही, तिथे मनगटं मोकळी असतात आणि कोपरं बांधलेली. बसते व्हा, श्वास सोडत कोपरं पुढे-बाहेर फुगवा, त्याची मिठी दंडावर वर सरकेल. मग एक पाय पुढे, आणि त्याच बाजूचा खांदा गुडघ्याकडे खाली. डोकं मागे झटकू नका, जोडीदाराचं नाक तिथेच असतं.