नववीला 'संयुक्त राष्ट्रे' शिकवताना अपयशं सांगायची की नाही?

नाशिकरोडची बाई
नववीच्या राज्यशास्त्रात 'संयुक्त राष्ट्रे' हा धडा आहे. बहुतेक ठिकाणी तो दोन तासिकांत उरकतात. स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, सुरक्षा परिषदेत १५ सदस्य, पाच कायम सदस्यांना नकाराधिकार, झालं. पोरं पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. माझं म्हणणं, आफ्रिकेतलं रवांडा वर्गात आलंच पाहिजे. १९९४ मध्ये तिथे कत्तल सुरू असताना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख दॅलेर जादा कुमक मागत होते. सुरक्षा परिषदेनं मात्र सुमारे अडीच हजारांची फौज २७० वर आणायचा ठराव केला. जवळपास आठ लाख माणसं मारली गेली. हे गाळून शांतिसेना शिकवणं म्हणजे मुलांशी खोटं बोलणं.

पंचवटीकर
ताई, साफ नामंजूर. पोरं मोबाइलवर रोज युद्धच बघतात. 'यूनो काय कामाची?' हे त्यांच्या तोंडी आधीच आहे. त्यात तुम्ही रवांडा वाढणार! देवी रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेमुळे. अमेरिका आणि रशिया शीतयुद्धातही त्यात एकत्र होते. आधी हे सांगा. चौदाव्या वर्षी विश्वास बसू द्या, चिकित्सा कॉलेजात होईल.

देवळालीचा माजी सैनिक
दोघांच्याही बोलण्यात जवान कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची फौज नसते, सदस्य देश आपली माणसं देतात. भारतानं आजवर अडीच लाखांहून जास्त दिली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला काँगोत लढताना गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. २००७ मध्ये लायबेरियात भारताची फक्त महिलांची पोलीस तुकडी गेली. मुलींच्या वर्गात हे सांगून बघा. आणि बाई, गोळी कधी चालवायची हे जवान ठरवत नाही. ते अधिकार वरून ठरून येतात. रवांडाचा दोष ठराव करणाऱ्यांचा, हे वर्गात स्पष्ट करा.

नाशिकरोडची बाई
काका, तेच तर सांगायचंय! ठराव कोण करतं, नकाराधिकार कुणाला, हे कळल्याशिवाय दोष कुणाचा ते कसं कळणार? पंचवटीकर, देवीचं उदाहरण मी घेतेच. पण नुसतं यश ऐकलेलं पोरगं पहिली वाईट बातमी वाचली की सगळंच थोतांड म्हणतं.

निफाडचा द्राक्षवाला
मला वाटतं सुरुवात घरापासून करा. नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की इथे दरवर्षी वाद पेटतो. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे, तरी कुणाचं समाधान नाही. अर्धा वर्ग नाशिकचा, अर्धा मराठवाड्याचा करा आणि बसवा बोलायला. मी वरच्या बाजूचा शेतकरी, मला खालच्याचं ऐकणं किती जड जातं ते ठाऊक आहे.

पंचवटीकर
हे पटलं, पण अर्धंच. पाण्याच्या वादात वर शासन आहे, न्यायालय आहे. देशांच्या वर कोण आहे?

देवळालीचा माजी सैनिक
म्हणून १९६७ घ्या. इजिप्तनं सांगितलं, इस्राएलच्या सीमेवरची शांतिसेना हलवा. यजमान देशाच्या संमतीशिवाय ती राहू शकत नव्हती, म्हणून सरचिटणीस ऊ थांट यांनी ती काढली. महिन्याभरात इस्राएल-इजिप्त युद्ध पेटलं, आणि गाझात अजून निघायचे असलेले आपले जवान त्यात मेले. वर्गाला विचारा, ऊ थांट यांच्या जागी तुम्ही काय केलं असतं?