स्वस्त टॅबलेट आणि प्राथमिक वर्ग : वाचलेल्या पैशाची किंमत कोण मोजते?

मूळ धागा (दुसरीच्या वर्गाची शिक्षिका)

तीन वर्षे स्वस्त टॅबलेटवर शिकवल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की या खरेदीत वाचलेला पैसा मुलांच्या तासातून वसूल होतो. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण असलेल्या टॅबलेटमध्ये बरीचशी जागा ऑपरेटिंग सिस्टीमच व्यापते. उरलेल्या जागेत चार-दोन ॲप आणि काही व्हिडिओ भरले की पुढचे अपडेट उतरत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटे सगळ्यांचे पडदे एका पानावर आणण्यातच जातात.

पण माझी खरी तक्रार वेळेची नाही. मागच्या आठवड्यात एक मुलगी पडद्यावर ‘क’ गिरवत होती. बोट पुढे जात होते आणि रेघ मागून येत होती, म्हणून ती मध्येच थांबून रेघेची वाट पाहायची आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करायची. तिथे रेघेला गाठ पडायची आणि ॲप अक्षर चुकीचे ठरवायचे. चौथ्या वेळी तिने मला विचारले, “बाई, माझं काय चुकतंय?” तिचे काहीच चुकत नव्हते. मोठ्या माणसाला यंत्र मंद आहे हे कळते. सात वर्षांचे मूल दोष स्वतःकडे घेते.

प्रतिसाद १ (दुसऱ्या शाळेत संगणकाची जबाबदारी सांभाळणारा शिक्षक)

बाई, अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. तीस टॅबलेट एकाच वेळी एका राउटरला जोडले तर महागडे टॅबलेटही अडखळतील. स्वस्त उपकरणांपैकी अनेक वाय-फायच्या केवळ २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर चालतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (म्हणजे संदेशाचे वेगळे मार्ग) सर्वसाधारणपणे तीनच मिळतात, त्यामुळे शेजारच्या वर्गाची गर्दीही आपल्या वाट्याला येते. धडे आदल्या दिवशी उतरवून ठेवावेत आणि वर्गाचे गट पाडून एका वेळी पाच-सहा टॅबलेटच वापरावेत. माझ्या वर्गात एवढ्याने पहिली दहा मिनिटे वाचली.

दुसरे असे, की महाग वस्तू आली की ती कपाटात जाते. पडेल, फुटेल या धास्तीने शिक्षकच ती मुलांच्या हाती देत नाहीत. वाचताना अडखळणारा माझा एक विद्यार्थी कानाला हेडफोन लावून एकच परिच्छेद आठ-दहा वेळा निर्धास्त ऐकतो, ते टॅबलेट स्वस्त आहे म्हणूनच.

प्रतिसाद २ (एक पालक)

दोघेही उपकरणाच्या दर्जाविषयी बोलत आहात. मला मुळातच शंका आहे. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली ग्रामीण प्राथमिक शाळांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषा यांच्या चाचणीत त्याचा परिणाम दिसला नाही. तोच पैसा वाचनालयावर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर का खर्च होऊ नये?

प्रतिसाद ३ (मूळ धागाकर्ती)

सर, राउटरचा मुद्दा मान्य. गट पाडण्याचा प्रयोग मी जरूर करीन. मात्र बॅटरीचे काय? लिथियम-आयन बॅटरी चार्ज होऊन रिकामी होण्याच्या साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, आणि बंद कपाटाच्या उष्णतेत सुट्टीभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत चार्जरला लावून ठेवली तर त्याहून लवकर थकते. आमच्या टॅबलेटची बॅटरी आत चिकटवलेली असल्याने ती बदलण्यापेक्षा नवे टॅबलेट घ्या, असेच उत्तर मिळते. तिसऱ्या वर्षी आमचे निम्मे टॅबलेट मधल्या सुट्टीपर्यंतही तग धरत नाहीत. मग स्वस्त कशाला म्हणायचे?

अक्षर गिरवणे मी या सोमवारपासून पुन्हा पाटीवर आणले आहे. गोष्टी ऐकणे टॅबलेटवरच राहील, कारण तिथे अर्धा क्षण उशीर झाला तरी मुलाचे काही बिघडत नाही. पुढची खरेदी करताना मात्र विक्रेत्याने दिलेला तपशिलाचा कागद पुरेसा मानू नये. एका मुलाला त्यावर अक्षर गिरवायला लावून रेघ बोटाबरोबर येते का, हे आधी पाहावे, एवढा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चा लेखक)

गिरवण्याबाबत सहमत, आमच्याकडेही ते बंद करतो. पण बॅटरी थकलेले टॅबलेट टाकून देऊ नका. ते भिंतीजवळच्या बाकावर चार्जरला जोडून ‘ऐकण्याचा कोपरा’ करता येतो. फक्त बॅटरी फुगून पडदा वर आलेला दिसला तर ते टॅबलेट त्याच क्षणी वर्गाबाहेर काढा.