सेंधव्याची लूट ‘दरोडा’ आणि चिमठाण्याची ‘क्रांती’, असं का?

सातपुडी, शिरपूर
पुतण्याने शाळेत ‘खान्देशातले क्रांतिवीर’ हा निबंध लिहिला. शिरीषकुमार, चिमठाण्याचा खजिना आणि खाज्या नाईक. वही परत आली तर खाज्यावर लाल रेघ आणि समासात ‘दरोडेखोर’. चिमठाण्यापुढे मात्र ‘छान’.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नोव्हेंबर १८५७ मध्ये सातपुड्यातल्या सेंधवा घाटात खाज्याच्या भिल्लांनी सात लाखांचा सरकारी खजिना पळवला. १४ एप्रिल १९४४ ला डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (इंग्रजांना झुगारून चालवलेलं समांतर सरकार) जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि साथीदारांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला खजिना चिमठाण्याजवळ अडवला. साडेपाच लाख हाती लागले. पैसा दोन्हीकडे सरकारी, हत्यारं दोन्हीकडे. मग लाल शाई एकालाच का?

दप्तरी
कारण हेतू वेगळा होता. चिमठाण्याची रक्कम भूमिगत चळवळीला गेली. तुमचा खाज्या आधी इंग्रजांचाच चाकर, घाटाची राखण त्याच्याकडे. एका माणसाच्या मृत्यूपायी कैद झाली, सुटून आला आणि पुढे बंड केलं. हा स्वतःचा डूख झाला. शिवाय घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालालाही त्याने सोडलं नाही. ज्याची गाडी लुटली गेली त्या गरीब गाडीवानाने त्याला काय म्हणायचं?

सातपुडी
डूख होताच, नाही कोण म्हणतं? पण १८५७ ला बराकपूरपासून झाशीपर्यंत कोणाचा डूख नव्हता? झाशीच्या राणीचं दत्तकविधान नाकारलं, ते तिच्या घरचंच प्रकरण की! तिला आपण दरोडेखोर म्हणतो का?

तापीकाठ
भाऊ, बरोबर बोलना तू. घाटावरचा हक्क ही भिल्लांची जुनी गोष्ट. येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण करायची आणि त्याबद्दल गावांकडून, वाटसरूंकडून ठरलेलं घ्यायचं. १८१८ ला खान्देश कंपनीकडे गेला आणि या हक्कांना कात्री लागली. पुढची सात वर्षं सातपुड्यात नि सातमाळ्यात नुसती धामधूम. पलटणी पाठवून काही जमेना, डोंगरात हिवताप गोऱ्यांनाच लोळवायचा. शेवटी १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. जे पळत होते त्यांनाच पगार आणि बंदूक दिली. बंड मोडायची ही युक्ती आजही जगभर वापरतात, तिचा एक वर्ग आमच्या धरणगावातही भरला!

दप्तरी
पलटण उत्तम चालली, म्हणजे सगळे भिल्ल काही बंडात नव्हते. मग खाज्याला अख्ख्या समाजाचा पुढारी कसं करता? आणि भावनेच्या भरात एक विसरू नका: प्रतिसरकारची स्वतःची न्यायदानाची व्यवस्था होती, गावोगाव तिचे लोक होते. खाज्याकडे काय होतं?

बिजासनची वाट
दप्तरीसाहेब, हे सगळं तुम्ही कोणाच्या कागदावरून सांगताय? इंग्रज अधिकाऱ्यांच्याच ना? खाज्याकडे कारकून नव्हता. त्याची बाजू लिहायला उरलं कोण? ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या आंबापाणीला भिल्लांचा मोड झाला, बायका-पोरंही कैद झाली. दोन वर्षांनी १८६० ला खाज्याला फितुरीने मारलं. चिमठाण्यातले लोक वाचले, स्वराज्य आलं, त्यांनी आठवणी सांगितल्या. १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांना सन्मानाचे ताम्रपट वाटले गेले तेव्हा खाज्याच्या नावे ते घ्यायला जाणार कोण होतं?

दप्तरी
हा मुद्दा मान्य. कागद एकाच बाजूचा आहे. तरी गाडीवानाचा प्रश्न तसाच राहतो.

तापीकाठ
राहू द्या ना. चिमठाण्यालाही बंदोबस्ताचे शिपाई इथलेच, पोटासाठी चाकरी करणारे. त्यांनाही कोणी विचारलेलं नाही.

माहेरवाशीण
सगळे दादा खजिन्यातच अडकलेत. आंबापाणीहून कैद करून नेलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव आजवर माझ्या वाचण्यात आलं नाही. आमच्या शेतात निंदणीला येणारी आजी पावरा आदिवासी. खाज्या कोण म्हणून विचारलं तर विळा खाली न ठेवता म्हणाली, “आमचा नाईक.” पुढचा प्रश्न तिने मला विचारला, रोज किती देणार?

सातपुडी
ताई, हे पुतण्याला वाचून दाखवतो. दप्तरीसाहेब, तुमचा गाडीवानही निबंधात घालायला सांगतो. वही सोमवारी पुन्हा द्यायची आहे. लाल रेघ तेवढी खोडरबरने जात नाहीये.