शब्दचर्चा: 'ॲक्सिस' आणि 'ॲक्सीज', दोन्हींना 'अक्ष' म्हणावं का?

प्रश्न: बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पायथन या संगणकभाषेची मराठी टिपणं काढतोय. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी, तिच्या प्रकरणात 'ॲक्सिस' आणि 'ॲक्सीज' असे दोन शब्द येतात. शाळेतला 'अक्ष' दोन्हींना चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. एरवी इंग्रजीत 'ॲक्सीज' हे 'ॲक्सिस'चं अनेकवचन, इथे मात्र त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ॲक्सिस म्हणजे एकच एक्स-अक्ष किंवा वाय-अक्ष. त्याच्या खुणा, आकडे, मर्यादा. ॲक्सीज म्हणजे आलेख जिथे काढतात ती अख्खी जागा. दोन्ही अक्ष, शीर्षक, रेषा, बिंदू सगळं तिच्या पोटात. एका 'फिगर'मध्ये, म्हणजे अख्ख्या चित्रात, अशा चार जागा शेजारी शेजारी असू शकतात. वृत्तालेखात (पाय चार्टमध्ये) तर अक्ष दिसतही नाहीत, तरी तोही ॲक्सीजवरच काढलेला असतो.

मराठीत आणखी एक अडचण. 'अक्ष'चं अनेकवचनही 'अक्ष'च. 'अक्ष बदला' असं वाचून मुलं नेमकं काय बदलतील?

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्येही हीच जोडी आहे. 'ॲक्सीज' ही आज्ञा नवी जागा तयार करते, 'ॲक्सिस' तिच्यातल्या मर्यादा आणि प्रमाण ठरवते. लंबगोल दिसणारं वर्तुळ 'ॲक्सिस इक्वल' दिल्यावर गोल होतं. मी ॲक्सीजला 'आलेखचौकट' म्हणेन.

प्रतिसाद: भेद अगदी बरोबर, पण 'चौकट' मला पटत नाही. चौकटीच्या रेषा लपवता येतात, ॲक्सीज तरीही जागेवर असतं. शिवाय मॅटप्लॉटलिबची 'ट्विनएक्स' ही आज्ञा बघा, ती त्याच एक्स-अक्षावर दुसरा वाय-अक्ष देते. पुण्याचा महिनावार पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेने एकाच आलेखात दाखवायचं आहे. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे अंश सेल्सिअस. डोळ्यांना चौकट एकच दिसते, आत मात्र दोन ॲक्सीज एकावर एक पसरलेली असतात. वरच्याची पार्श्वभूमी पारदर्शक, म्हणून खालचे स्तंभ दिसतात. पावसाची मर्यादा बदलायची तर खालच्याला सांगावं लागतं, वरच्याला सांगून तापमानच हलतं. यासाठी 'आलेखपट' म्हणा. पटावर पट अंथरता येतो.

प्रश्नकर्ता: 'आलेखपट' घेतो. मग 'फिगर' म्हणजे आकृती, आकृतीत एक किंवा अनेक आलेखपट आणि प्रत्येक पटाचे आपापले अक्ष. 'लेजंड'चं, म्हणजे कुठला रंग किंवा रेषा कशाची हे सांगणाऱ्या यादीचं, काय?

प्रतिसाद: भूगोलाच्या पुस्तकात नकाशाच्या कोपऱ्यात 'सूची' असते. तोच शब्द ठेवा, मुलांच्या ओळखीचा आहे.