आईची शुगर उतरेना, होलिस्टिक (शरीराबरोबर मन, राहणीमान सगळं बघून केलेले) उपचार कुणी घेतलेत का?

खानापूरची: गोळ्या चालू आहेत तरी उतरेना, म्हणून एका होलिस्टिकवाल्या बाईंकडे नेलं तर त्यांनी तासभर नुसतं विचारलं, झोप किती, जेवता कुणाबरोबर, बाबा गेल्यावर रडलात का. आई तिथंच पदर डोळ्याला लावून बसली. ह्यानं खरंच फरक पडतो का?

टिळकवाडीकर: पडतो की! ताणानं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, शुगर चढते. मी आईला रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला नेतो, जेवल्यावर पण १० मिनिटं अंगणात. पण डॉक्टरना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका हां.

निपाणीची: आणि तुम्ही झोपता का नीट? सांभाळणारं माणूसच आधी खचतं, आमच्या घरात बघितलंय मी.

खानापूरची: ४ तास, कशीबशी. आजच ताईला बोलवून घेते.