अनुभव धागा : मोठेपणी मोगली पुन्हा बघितलात का?

इंदिरानगर

परवा रविवारी मिसळ हाणून घरी आलो, पाव जरा जास्तच झालेले, झोपही येईना, म्हणून यूट्यूब चाळत बसलो तर समोर मोगली. आपला दूरदर्शनवालाच. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली बावन्न भागांची मालिका, आपल्याकडे १९९३ ला हिंदीत आली. एक भाग बघू म्हणून बसलो, चार झाले. आता डोळे मोठे झालेत ना, त्यामुळे नको ते दिसतं. लांडगे पळतात ते एकच चित्र फिरून फिरून वापरलंय, झुडूपसुद्धा तेच. गोष्ट सिवनीच्या जंगलातली, तिकडे मध्य प्रदेशात, आणि मोगलीच्या हातात बूमरँग! ते ऑस्ट्रेलियातून कोणी आणून दिलं याला? शिवाय तो पिटुकला लाल पांडा, तो तर हिमालयातला. एवढं सगळं हसून झालं आणि मग शेरखान बोलला, नानाच्या आवाजात, आणि मी चाळिशी ओलांडलेला माणूस उशी पोटाशी धरून बसलो.

तुम्हीपण लिहा. नुसतं "काय ते दिवस होते" नको, ते सगळ्यांनाच माहितीये. आता बघताना काय वेगळं दिसलं ते लिहा.

नाशिकरोड

बूमरँगचा विषय काढलात तर लिहावंच लागेल. वडील प्रेसमध्ये, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. दादाने प्लायवूडच्या तुकड्यातून बूमरँग कापलं, कानस मारली, उरलेल्या ऑइलपेंटने हिरवं रंगवलं, दोन दिवस वाळवलं, आणि क्वार्टरमधली सगळी पोरं जमवून मैदानात फेकलं. ते गेलं ते गेलंच. सरळ पलीकडच्या काकूंच्या पापडांच्या वाळवणात. काकूंनी शिव्या दिल्या नाहीत, पण बूमरँगही दिलं नाही, त्यांच्या मागच्या दाराखाली पाचर म्हणून बसलं ते आम्ही क्वार्टर सोडेपर्यंत तिथेच होतं, हिरवा रंग पार घासून गेलेला.

आता मी अंबडला टूलरूममध्ये आहे. गेल्या महिन्यात पोरासाठी ते भाग लावले आणि डोक्यात किडा वळवळला, म्हणून नीट वाचलं. पात्याची एक बाजू विमानाच्या पंखासारखी फुगीर लागते, आणि आडवं नाही, जवळजवळ उभं धरून मनगटाने गरकन फिरवत फेकायचं. दादाने सपाट पट्टी कापलेली आणि थाळीसारखी आडवी भिरकावलेली, कशी येईल परत. फोन करून सांगितलं त्याला. म्हणाला, तीस वर्षांनी सांगतोयस होय रे. पुढच्या सुट्टीत नवीन करायचंय, मैदान तेवढं शोधायला पाहिजे, सगळीकडे बिल्डिंगा झाल्यात.

गंगापूर रोड

माझी मुलगी सात वर्षांची. बघीरा पहिल्यांदा दिसला तर तिचा पहिला प्रश्न, "आई, हा आपल्याकडे आलेला तोच का?" मागे आमच्या शेजारच्या सोसायटीत बिबट्या शिरला होता, कंपाउंडवरून उडी मारतानाचा सीसीटीव्हीचा व्हिडिओ तासाभरात सगळ्या ग्रुपवर, शाळेतसुद्धा तीच चर्चा. आता काय सांगणार? म्हटलं, हा काळा, तो ठिपक्यांचा. पण खरं तर काळा बिबट्या म्हणजे वेगळा प्राणी नसतोच, अंगात काळं रंगद्रव्य जास्त एवढंच, चांगल्या उजेडात बघितलं तर ठिपकेपण दिसतात. हे सांगून मी स्वतःच अडकले, कारण मग रात्री बाल्कनीचं दार लावलंय का ते ती तीनदा बघून आली. आम्हाला लहानपणी बघीरा दोस्त वाटायचा कारण खरा बिबट्या आम्ही बघितलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर मूळ पुस्तक वाचलं, किपलिंगचं, १८९४ चं. त्यात बघीरा उदयपूरला राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला आहे आणि हनुवटीखाली पट्ट्याचा वण आहे. माणसं कशी असतात हे जंगलात त्यालाच माहिती, ते का, तर म्हणून. वाचून फार वाईट वाटलं.

निफाड

वरच्या ताईंचं वाचलं. आमच्याकडे हे रोजचं आहे, बिबट्याची मादी उसातच विते, तिच्यासाठी ऊस म्हणजेच जंगल. दोन सीझनमागे आमच्या वावरात तोड चालू होती, कोयता थांबला आणि सगळे लांब सरकले, सरीत दोन बछडी, डोळे नुकते उघडलेले, मांजरासारखी. फॉरेस्टवाले आले, तपासली, आणि अंधार पडायच्या वेळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवली, कॅमेरा लावला. तोड बंद. आम्ही ओट्यावर बसून, कुणाला झोप नाही, म्हातारा म्हणे मोटर चालू करू नका रे, ती बुजंल. मध्यरात्रीनंतर आली आणि एकेक करून मानेला धरून घेऊन गेली, सकाळी फोटो दाखवला आम्हाला.

त्यानंतर मोगलीचा पहिला भाग बघितला, माणसाचं पोर लांडगीण जवळ घेते तो. पूर्वी मला तो भाग बोअर व्हायचा, शेरखान कधी येतो याचीच वाट बघायचो. आता तेवढाच दोनदा बघितला. बाकी शेळी गेली की मीपण पिंजरा लावा म्हणून फोन करतोच, खोटं कशाला बोलू.

कॉलेज रोड

मला नाही झालं. दीड भागात जांभया. गाणं अजून भारी आहे, गुलजार आणि विशाल भारद्वाज, ते कुठं जात नाही. सिरीयल मात्र आठवणीतच बरी. २०१६ चा सिनेमा थेटरात हिंदीत बघितला होता, तेव्हा परत नानाच शेरखान, बल्लू इरफान, बघीरा ओम पुरी. ते दोघं गेले आता. तो परत लावायची हिंमत होत नाही.

पंचवटी

मुलगा म्हणतो आई तूपण लिही. मी मोगली बघितलेलाच नव्हता. वाड्यात तेव्हा टीव्ही दोनच, त्यातला एक आमचा, रविवारी सकाळी बारा-पंधरा पोरं बाहेरच्या खोलीत आणि मी आत पोहे करत, पोरांना तसंच कसं बसवणार. अँटिना हलला तर यांना गच्चीवर पाठवायचं, आलं का, आलं का, तेही मीच आतून ओरडायची. त्यामुळे मी मोगली फक्त ऐकलाय. त्या आवाजावरून शेरखान मला वाडामालकासारखा दिसायचा, भाडं मागायला आले की अगदी तसंच शांतपणे बोलायचे आणि मग पोटात गोळा यायचा. लांडगीण बोलायला लागली की नेमकी कुकरची शिट्टी.

आता नातवाबरोबर टॅबवर बघते. शेरखानला पट्टे आहेत हे बघून जरा विचित्रच वाटलं, मालकांना सदरा असायचा. नातू दहा मिनिटांत झोपतो. मग मी आवाज बारीक करून पुढचा भाग लावते, कधी कधी दोन. सकाळी विचारतो, आजी कुठपर्यंत आलो होतो, मी म्हणते, तू झोपलास ना, तिथपर्यंत.