मदत हवी आहे: ८ बाय ९ ची बेडरूम, त्यात कूलर

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात गारखेड्याला भाड्याने वन बीएचके घेतलाय. बेडरूम ८ बाय ९ फूट. गावाकडं आमची न्हाणी याहून मोठी होती, असं सासूबाई आल्या आल्या बोलून गेल्या!

५ बाय सव्वासहाचा पलंग लावला की बाजूला ३ फूट उरतात. तिथं लोखंडी कपाट ठेवलं, तर मधे सव्वा फूटच राहतो आणि कपाटाचं दार दीड फुटाचं. पलंगाला ठक्कन आपटतं. साडी काढायची तर पलंगावर गुडघे टेकून हात घालावा लागतो. सरकत्या दाराचं कपाट घ्यावं, की पलंगच बदलून खाली कप्पे असलेला आणावा?

दुसरं म्हणजे, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. खिडकीत कूलर, त्यामुळं पडदा नीट पडत नाही, खालची कड कायम ओली.

लग्नात मिळालेली एक हिमरू (इथली रेशीम-सुती विणीची) शाल आहे, जांभळी. ती फ्रेम न करता उशालगतच्या भिंतीवर टांगायचा विचार आहे. कूलरच्या दमटपणानं खराब होईल का? घरमालक खिळा ठोकू देत नाहीत, चिकटणारे हुक दोनदा पोपडा घेऊन खाली आले.

रंगाचं तेवढं मालक ऐकतील. आमच्या ह्यांना गडद निळा हवाय, मला नकोच वाटतो. एवढ्याशा खोलीत कुणी लावलाय का? फोटो असतील तर टाका.